लाईन बंद आहे, पण कोणती?

९ मार्च २०२४, शनिवार. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वर्दी आली की रेल्वे फाटकाच्या पलीकडे गवत पेटलंय.

मी एका लहान नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात लीडिंग फायरमन आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली. आमच्याकडे दोन बंब, एक टँकर आणि तिन्ही पाळ्या धरून २२ माणसं आहेत. गावाच्या मधून रेल्वेची दुहेरी लाईन जाते, एक अप आणि एक डाऊन, दोन्हींवर वीज. रुळांवरच्या वर्दीला कसं जायचं याची लेखी कार्यपद्धती रेल्वेकडून ठरवून घ्यायला आम्हाला त्या दिवसापासून तेरा महिने लागले. ती झाल्यावर शेजारच्या दोन नगरपरिषदांमधून फोन आले. दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता : पत्र नेमकं कोणाला लिहायचं? म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

त्या दुपारी एका शेतकऱ्याने बांध पेटवला होता. वारा फिरला आणि आग रेल्वेच्या हद्दीतल्या वाळक्या गवतात शिरली. फाटकाशी बंब लावला. गेटमन धावत आला आणि म्हणाला, "भाऊ, स्टेशनला कळवलंय, लाईन बंद केलीय. जा तुम्ही." आम्ही गेलो. डाऊनचे रूळ ओलांडून होज, म्हणजे पाण्याचा पाईप, पलीकडे नेला. दोन जवान दोन्ही लाईनींच्या मधल्या पट्टीत उभे राहिले, कारण गवत तिथेही पेटलं होतं. त्यातला एक आमचा सगळ्यात धाकटा, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेला.

अप लाईनवरून मालगाडी आली. मागून आली आणि आवाज आलाच नाही. एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला गवताचा तडतडाट, वारा उलटा. इंजिनाचा हॉर्न ऐकू आला तेव्हा ते शंभर पावलांवर होतं. मी फाटकाजवळून ओरडलो, पण ते ऐकायला धाकट्याला सवड नव्हती. सोबतच्या जुन्या जवानाने त्याचा पट्टा धरून त्याला खाली बसवलं. दोघं खडीवर हात टेकून, मान खाली घालून बसले आणि डबे त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून जात राहिले. हवेच्या झोताने धाकट्याचं हेल्मेट उडालं, रुळावर गेलं आणि चाकाखाली आलं. गाडी संपता संपेना. संपली तेव्हा त्याच्या हातातली ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, चालूच होती आणि पाणी त्याच्याच गमबुटांवर पडत होतं.

आग विझली, कोणाला लागलं नाही. रजिस्टरमध्ये "वर्दी सुखरूप पूर्ण" एवढंच लिहिता आलं असतं.

गेटमनने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या बाजूला डाऊन लाईन होती आणि ती त्याने खरोखर थांबवली होती. त्याच्या बोलण्यात लाईन म्हणजे डाऊन लाईन. आम्ही ऐकलं ते "सगळं बंद". रात्री घरी आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि झोप गेली. "लाईन बंद" म्हटल्यावर वरची वीजही बंद असणार असं आम्ही गृहीत धरलं होतं, कारण गावात लाईन गेली म्हणजे वीज गेली. वीज चालू होती. मालगाडी त्याच विजेवर गेली होती. पंचवीस हजार व्होल्टच्या तारांखाली आम्ही अर्धा तास पाणी मारत होतो.

सोमवारी, ११ मार्चला, मी सविस्तर अहवाल लिहिला आणि सोबत रेल्वेला पाठवायच्या पत्राचा मसुदा जोडला. नगरपरिषदेत तेव्हा प्रशासक होते, म्हणजे मुख्याधिकारीच सर्वेसर्वा. त्यांनी वाचलं, धाकट्या जवानाला बोलावून दोन मिनिटं त्याच्याशी बोलले आणि १४ तारखेला सही केली. १५ ला पत्र स्पीड पोस्टने गेलं. १६ ला लोकसभेची आचारसंहिता लागली.

मार्च गेला, एप्रिल गेला. उत्तर नाही. आचारसंहितेचा आणि सुरक्षेच्या पत्राचा खरं तर संबंध नसतो, पण माणसं निवडणुकीच्या कामाला लागलेली असतात आणि पत्र मागे पडतं. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे रुळांलगतच्या तीन वर्द्या आल्या. मी जवानांना कुंपणाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. एकदा त्यामुळे आग गुरांच्या गोठ्यापर्यंत गेली. जनावरं आधीच सोडली होती म्हणून वाचली. गोठ्याचा मालक मला जे बोलला ते मी ऐकून घेतलं.

मे महिन्यात मी थेट आमच्या स्टेशन मास्तरांना जाऊन भेटलो. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. त्यांनी चहा मागवला, पत्राची प्रत वाचली आणि दोन चुका दाखवल्या. पहिली, पत्र नुसतं "रेल्वे प्रशासन" असं लिहून पाठवलं होतं. विभागीय कार्यालयात या विषयाची दोन माणसं असतात : गाड्यांच्या सुरक्षेसाठी वरिष्ठ मंडल संरक्षा अधिकारी आणि वरच्या तारांसाठी वरिष्ठ मंडल विद्युत अभियंता, कर्षण वितरण. दुसऱ्या खात्याला सगळे टीआरडी म्हणतात. पत्र दोघांच्या नावे हवं, प्रत डीआरएमना, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना. दुसरी चूक, पत्र फक्त मराठीत होतं. सोबत हिंदी प्रत जोडा म्हणाले, म्हणजे ते टेबलावरून टेबलावर सहज सरकेल. मी आणखी एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना लावली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांनी बैठक बोलावली की नगरपरिषद, पोलीस आणि रेल्वे एका टेबलावर येतात. पुढे हीच प्रत कामाला आली.

दुसरं पत्र १० जूनला गेलं. जुलैत उत्तर आलं की "आपली मागणी स्पष्ट करावी". मी निराश झालो होतो, पण पुन्हा वाचल्यावर पटलं की मागणी खरंच स्पष्ट नव्हती. "समन्वय व्हावा" असं लिहिलं होतं. समन्वय म्हणजे काय ते कोणी कसं ओळखावं? तिसऱ्या पत्रात आकड्याने तीन गोष्टी मागितल्या : २२ जणांना एक दिवसाचं प्रशिक्षण, घटनेच्या वेळी कोणी कोणाला काय विचारायचं आणि कोणी काय उत्तर द्यायचं याचा एक पानी मसुदा, आणि वर्षातून एक संयुक्त कवायत. हे पत्र पोस्टाने न पाठवता ऑगस्टमध्ये स्वतः विभागीय कार्यालयात घेऊन गेलो. एसटीने तीन तास. पहिल्या खेपेला साहेब तपासणीला गेले होते. दुसऱ्या खेपेला भेटले आणि वीस मिनिटं दिली. अशा कामाला जाल तर पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक मारून घ्या. पुढच्या प्रत्येक फोनवर तो क्रमांक सांगितला की पलीकडचा माणूस फाईल शोधतो. चार खेपांचे मिळून १,९०० रुपये माझे गेले. प्रवासभत्त्याचं बिल लावलं, पाच महिन्यांनी पैसे मिळाले.

त्या वीस मिनिटांत साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही एवढं कशासाठी करताय?" मी मालगाडीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, रुळांवर आमची माणसंही जातात, ट्रॅकमन जातात, मला हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रशिक्षण सप्टेंबरमध्ये झालं, आमच्याच गॅरेजमध्ये, बंब बाहेर काढून. टीआरडीचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आले होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. त्यांनी सुरुवात आमच्या जुन्या नोट्सपासून केली. झेरॉक्सच्या झेरॉक्स काढलेल्या त्या कागदांवर वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी असं छापलेलं होतं. ती मुंबईच्या लोकलची जुनी गोष्ट. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टवर. पण मध्य रेल्वेचा मुंबईतला मुख्य मार्ग २०१५ मध्ये आणि हार्बर २०१६ मध्ये पंचवीस हजार व्होल्ट एसीवर आले. त्यांनी स्वतःच्या हाताने तो आकडा खोडला आणि मला म्हणाले, बाकीच्या प्रतीही शोधून फाडा. तुमच्या केंद्रात असे कागद असतील तर आजच बघा.

मग त्यांनी डिस्चार्ज रॉड उघडला. लांब दांडा, टोकाला आकडा, त्याला जाड केबल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. त्यांनी तो प्रत्येकाच्या हातात दिला, वजन कळावं म्हणून. म्हणाले, "आधी क्लॅम्प खाली पक्का करायचा, मग आकडा वर तारेला. काढताना आधी वरचा, मग खालचा. उलटं केलं तर माणूस जातो." पण तार बंद केल्यावरही हे कशाला? शेजारच्या लाईनची तार चालू असते. तिच्यामुळे बंद तारेतही विजेचा दाब तयार होतो आणि तो जीव घ्यायला पुरतो. कंट्रोलमधल्या माणसाने बटण दाबून तार बंद केली तरी आमच्या दृष्टीने ती जिवंतच, जोवर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना रॉड लागत नाहीत. आणि रॉड लावायचा रेल्वेच्या अधिकृत माणसानेच, अग्निशमनवाल्याने नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं.

तार रुळापासून साधारण साडेपाच-पावणेसहा मीटर वर असते. चालू तारेपासून दोन मीटरच्या आत काहीही नको. हात नको, शिडी नको, हूक नको. पाण्याचा मारा तर नकोच. शिकार करावी तसं ती आपल्याला शोधत येते, हात लावायची वाट बघत नाही, हे त्यांचे शब्द. तुटून खाली पडलेली तारही चालूच धरायची.

दुपारी ते आम्हाला स्टेशनच्या टोकाला घेऊन गेले, स्टेशन मास्तरांच्या परवानगीने, सोबत ट्रॅकमन होते. तिथे खांब वाचायला शिकवलं. प्रत्येक खांबावर पाटी असते, वर किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक. दुहेरी मार्गावर एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम. आम्ही इतकी वर्षं "पाटलांच्या मळ्यामागे" असा पत्ता सांगत होतो. रेल्वेच्या कंट्रोलला पाटलांचा मळा माहीत नाही, खांब माहीत असतो. वर्दी देणाऱ्याला आता आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो : जवळच्या खांबावर काय लिहिलंय, बाहेर उभे राहूनच वाचा.

त्यांनी दोन लाईनींच्या मधलं अंतरही पावलांनी मोजून दाखवलं. जुन्या मार्गांवर एका लाईनच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत किमान ४.२६५ मीटर. डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मध्ये उरतं ते जेमतेम एक मीटर. धाकटा जवान माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, त्याने खाली वाकून त्या पट्टीतला एक दगड उचलला आणि परत ठेवला.

यानंतर पुन्हा थांबणं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, नोव्हेंबरच्या शेवटी संपली, तोवर विभागीय कार्यालयातल्या साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. डिसेंबरमध्ये मसुद्याची फाईल "अभिप्रायार्थ" कुठेतरी होती. खरं सांगतो, मी सोडून द्यायच्या बेतात होतो.

२२ जानेवारी २०२५ ला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. जळगाव जिल्ह्यात, परधाडे आणि माहेजी स्टेशनांच्या दरम्यान. साखळी ओढली, माणसं गाडीतून शेजारच्या रुळांवर उतरली आणि त्या रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती. त्या रात्री केंद्रात टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आम्हा सगळ्यांना दोन लाईनींच्या मधली तीच पट्टी दिसत होती.

त्यानंतर आठवड्याभरात जिल्हाधिकारी कार्यालयातून बैठकीचं बोलावणं आलं. फेब्रुवारीत बैठक झाली. एका बाजूला रेल्वेचे दोन्ही विभाग, रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस. दुसऱ्या बाजूला तीन नगरपरिषदांची अग्निशमन केंद्रं. मी आमच्या राज्यातली दोन उदाहरणं नेली होती. २९ जानेवारी २०२२ ला नंदुरबार स्टेशनजवळ गांधीधाम-पुरी एक्स्प्रेसची पँट्री कार पेटली. १६ ऑक्टोबर २०२३ ला नगर-आष्टी डेमूचे पाच डबे जळाले. अशा ठिकाणी धावत येतो तो गावाचा बंब. रेल्वेची मदतगाडी येईपर्यंत वेळ जातो आणि त्या वेळात रुळांवर आमचीच माणसं असतात.

सगळ्यात मोठा वाद एकाच मुद्द्यावर झाला आणि तो व्हायलाच हवा होता. रेल्वेचं म्हणणं, अर्थिंग झाल्याशिवाय, म्हणजे बंद तारेला दोन्ही बाजूंना ते डिस्चार्ज रॉड लागल्याशिवाय, कोणीही आत येऊ नये. नियम तोच आहे आणि तो माणसं गमावून तयार झालाय. पण मी विचारलं, रुळावर माणूस जखमी पडलाय, तार शाबूत आहे, वर काही काम नाही, पाणी मारायचं नाही, तर अर्थिंगवाला येईपर्यंत पाऊण तास आम्ही कुंपणाबाहेर उभं राहायचं? खोलीत शांतता झाली. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी टीआरडीच्या साहेबांनीच वाट काढली. प्रश्न वेगळे करा, म्हणाले. जमिनीवरचं काम असेल आणि तार जागेवर असेल, तर दोन्ही रूळ थांबल्याची खात्री पुरे, शिडी-हूक उभा धरायचा नाही या अटीवर. पाणी मारायचं असेल, डब्याच्या छतावर जायचं असेल, तार लोंबत असेल किंवा तारेवर काही पडलं असेल, तर अर्थिंगशिवाय पाऊल नाही. मग कोणी कितीही ओरडो.

त्यातून आमच्या कार्डावर तीन ओळी आल्या :

डाऊन रूळ थांबले का? कोणी सांगितलं, किती वाजता?
अप रूळ थांबले का? कोणी सांगितलं, किती वाजता?
तार बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग झाली का? कोणी सांगितलं, किती वाजता?

तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. स्टेशन मास्तर आपसात आणि गेटमनशी बोलताना प्रायव्हेट नंबर देतात-घेतात, म्हणजे निरोप खरोखर त्याच माणसाने दिला हे नक्की होतं. तो नंबर आम्हाला मिळणार नाही, पण त्यामागची रीत आम्ही घेतली : उत्तर ऐकायचं, परत वाचून दाखवायचं, नाव, हुद्दा आणि वेळ लिहायची. आमच्या वायरलेसवर "लाईन" हा शब्द आता बंद आहे. खाली असतात ते रूळ, वर असते ती तार. सुरुवातीला जुन्या माणसांच्या तोंडून सारखं लाईनच यायचं. वॉच रूममधला माणूस लगेच विचारायचा, "रूळ की तार?" महिन्याभरात जीभ वळली.

मार्चच्या अखेरीस कार्यपद्धतीवर सह्या झाल्या. खरेदी आम्ही त्याआधीच सुरू केली होती, तीन दरपत्रकं मागवून. चमकत्या पट्ट्यांची नारिंगी जाकिटं २४ नग, प्रत्येकी २८० रुपये. लाल अजिबात घेऊ नका, रुळांवर लाल रंगाचा अर्थ ठरलेला आहे. तीन रंगांच्या बॅटऱ्या चार, प्रत्येकी ८५०. कार्डांची छपाई आणि लॅमिनेशन, चाळीस प्रती, १,४०० रुपये. एकूण ११,५२०. आकस्मिक खर्चातून झालं. पैशासाठी काही अडलं नव्हतं हे लिहायला हवं, कारण सुरुवातीला आम्हालाच वाटत होतं की निधीशिवाय हे होणार नाही.

संयुक्त कवायत अग्निशमन सेवा सप्ताहात झाली, गुरुवारी, १७ एप्रिल २०२५ ला, स्टेशनच्या एका सायडिंगवर. पोत्याचा माणूस रुळावर ठेवला होता. मी वेळ लावली. पहिल्या प्रयत्नात तिसरा प्रश्न विचारायचाच राहिला, कारण पोत्याचा माणूस दिसल्यावर सगळ्यांचे पाय आपोआप पळाले. पोत्याच्या माणसासाठी पळाले तर खऱ्यासाठी काय होईल ते तिथेच कळलं. दुसऱ्यांदा एकाला काहीच काम दिलं नाही, फक्त कार्ड. तो म्हणेपर्यंत कोणी खडीवर चढायचं नाही. तेव्हा जमलं.

पहारा त्याच दिवशी पक्का केला. दोन्ही दिशांना एकेक माणूस, हातात शिटी, दुसरं कुठलंही काम नाही, पाठ आगीकडे. त्याने आगीकडे बघायचंच नाही, आणि हे फार कठीण आहे. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी १,२०० मीटर चाळीस सेकंदांच्या आत कापते आणि होज गोळा करायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. रेल्वेची माणसं ब्रॉडगेजवर गाडीला धोका दाखवायला ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर ठेवतात. इंजिन त्यावरून गेलं की ते फुटतात. त्यांनी आम्हाला एक फोडून ऐकवला. ते काम त्यांचंच आहे, पण आवाज ओळखीचा झाला.

झेंडा नसेल तर काय, हेही शिकलो. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे, याचा अर्थ थांबा. रात्री लाल दिवा, तो नसेल तर साधी पांढरी बॅटरी अंगासमोर आडवी जोरजोरात हलवायची. रुळांच्या मध्ये उभं राहून नाही, कडेला राहून. आणि इंजिनावर पिवळसर दिवा उघडझाप करताना दिसला तर तो लोको पायलट शेजारच्या रुळांवरच्या गाड्यांना सांगतोय की इथे काहीतरी झालंय. होज रुळांवरून टाकायचा नाही, परवानगी मिळाल्यावर दोन स्लीपरांमधली खडी उकरून रुळाखालून काढायचा. आम्ही उकरून पाहिलं, दोघांना चार मिनिटं लागली. बंब फाटकावर, रुळांच्या मध्ये उभा करायचा नाही.

खरी परीक्षा महिन्याभरात आली. २१ मे, रात्री सव्वाअकरा. वळवाचा वारा सुटला होता, मोठं कडुनिंबाचं झाड अपच्या तारेवर आडवं झालं. फांदीतून ठिणग्या उडत होत्या आणि त्यातली एक रेल्वेच्या भिंतीबाहेरच्या भाजीच्या शेडवर पडून ताडपत्री पेटली. आम्ही ११:२० ला पोचलो. भिंतीबाहेरून, तारेकडे पाठ करून, शेड विझवली. तेवढं करता येत होतं. झाडाला हात लावता येत नव्हता.

११:२४ : डाऊन रूळ थांबले. ११:२५ : अप थांबले. ११:३१ : स्टेशन मास्तरांचा निरोप आला, तार बंद केली. आणि मग अर्थिंगवाल्यांची वाट. गर्दी जमली होती. झाडाचा बुंधा धुमसत होता, बंब पाण्याने भरलेला होता आणि आम्ही उभे होतो. एकजण मोबाईल धरून म्हणाला, "रेल्वेवाले सांगतायत बंद केलंय, मग घाबरताय कशाला? पगार कशाचा घेता?" चौदा वर्षांत मला अशा वेळी उभं राहायची सवय नव्हती. पाय खेचत होते. कार्ड धाकट्या जवानाच्या हातात होतं. तो त्या माणसाकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "दादा, तार बंद आहे. अर्थिंग झालेली नाही. झाली की आम्ही जातो."

१२:०९ ला टीआरडीची गाडी आली आणि दोन रॉड लागले. अंधारात आकडा तारेला टेकताना चर्र असा बारीक आवाज आला. बंद केलेली तार होती ती. आमच्यातल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकला. त्यांच्या माणसाने माझ्याकडे येऊन नाव, हुद्दा, वेळ सांगितली, मी परत वाचली, आणि मग आम्ही आत गेलो. सव्वा वाजता झाड बाजूला झालं होतं. आमच्या केंद्राने याआधी कुठल्याही वर्दीवर एवढी वाट पाहिली नव्हती, आणि त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा सगळे जण ताटाशी होते.

जूनमध्ये आमचे स्टेशन मास्तर बदलून गेले. जाताना त्यांनी कार्डाची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, असा फोन केला. तरी नवीन माणसाला कागदाबरोबर चेहराही माहीत हवा. सोमवारी त्यांना भेटायची वेळ घेतली आहे, सकाळी अकराची, धाकटा जवानही येतोय.